चिऱ्यांखालची मादी

१९ एप्रिल
रक्त धुऊन लिहायला बसले. माझं नाही, कुत्र्याचं! परेशदादाच्या प्लॉटवर जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग आहे, त्यात दोन कुत्री घुसली. आत अजगराची मादी! एकाचं थोबाड फाडूनच सोडलं तिनं. तिच्याही पाठीचं कातडं लोंबतंय. इतकी वर्षं साप पकडते, वाटलं आता पळणार. हलली नाही. बॅटरी मारली — वेटोळ्याखाली अंडी. वीसेक तरी.

२० एप्रिल
वनरक्षक येऊन गेले. "कल्पिताताई, हलवू नका. दोन महिने बसेल ती."
दादा पेटला. "पाऊस लागायच्या आत पाया भरायचा हाय मला! सापाची बाळंतपणं मी करू?"
मग पायातला चिरा बाजूला सारत म्हणाला, "बरं. तुझ्यासाठी."

६ मे
खात नाही. पाण्यापुरती उठते, परत वेटोळं. पहाटे गारव्यात उचकी लागल्यासारखं अंग आखडते — अंड्यांना ऊब. किंग कोब्राची मादी म्हणे पाल्याचं घरटं करते, राखते, पण पिल्लं निघायच्या आधीच निघून जाते. ही शेवटपर्यंत बसते. मग हीसुद्धा जाते. पिल्लांकडे ढुंकून बघत नाही.

२३ मे
दादाची बकरी सकाळपासून गायब. भाविकावहिनी रडत होती. दादा पहार घेऊन ढिगावर! मी पोचले तेव्हा दोन घाव बसले होते. ती उलटून चावली नाही. प्रत्येक घावाला वेटोळं आणखी आवळत होती.
"दादा, थांब! तिनं न्हाय खाल्ली!"
"हट!"
ढकललं मला. कपाळ चिऱ्यावर आपटलं. पुढचा घाव तिच्या डोक्यावर. त्याच्या पुढचा अंड्यांवर.
हाताला चिऱ्याचा तुकडा लागला. दादाच्या मनगटावर घातला. दोनदा. दुसऱ्यांदा गरज नव्हती — पहार आधीच गळून पडली होती. हाड मोडल्याचा आवाज आला.
बरं वाटलं मला! देवा, बरं वाटलं.

२४ मे
गुरांच्या डॉक्टरांनी मेलेल्या मादीचं पोट फाडलं. रिकामं. कित्येक आठवड्यांचं रिकामं.
बकरी मागच्या कोरड्या विहिरीत सापडली. जिवंत.
अकरा अंडी शाबूत. वनरक्षकांना विचारून ड्रममध्ये ओल्या तुसात ठेवलीत. पंचनाम्यात मारणारा 'अज्ञात'. मी तोंड उघडलं नाही.

२५ मे
अलिबागला दादाच्या हातात सळई घातली. डॉक्टरांना म्हणाला, "चिऱ्यांवरून पडलो." माझं नाव घेतलं नाही. वहिनी मात्र माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

२२ जून
सात पिल्लं! चार अंडी सडली. पहिल्यानं कवचातून डोकं काढलं न् माझं बोट चावून फोडलं. कुणी शिकवलं नाही त्याला. संध्याकाळी सातही रानात सोडली.

२३ जून
वनरक्षकांनी पुन्हा विचारलं, मादी कुणी मारली. या वेळी नाव सांगितलं — परेश, माझा सख्खा भाऊ. त्याचा हात कुणी मोडला, तेही लिहून दिलं. खाली सही केली.