आक्काच्या एकशेआठ पायऱ्या आणि माझा खिसा

तीर्थस्वरूप आक्का,

तुला साष्टांग नमस्कार (कागदावरच, टाच अजून ठणकतेय). इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून. तुझ्या गुडघ्याची सूज उतरली का, हे विचारायचा हक्क मला राहिलेला नाही. का, ते पुढे कळेल.

माझं जिने चढण्याचं वेड तुला माहीतच आहे. पोट कमी करायला सुरुवात केली आणि पोट गेल्यावरही थांबलो नाही. रोज नव्वद मजले झाल्याशिवाय मला जेवण गोड लागत नसे. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वतः लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही म्हणून गिऱ्हाइकं हसत, आणि मला त्याचाही अभिमान वाटे. शेवटी टाच सुजली. डॉक्टरांनी दोन महिने जिने बंद केले. सौ.ने माझ्याकडून वचनच घेतलं, की घरी येईन-जाईन तो लिफ्टनेच.

चौथ्या दिवशी आपली लिफ्ट बंद पडली. (मी पाडली नाही. शाळेत न शिकता हे काम शिकलेला माणूस आहे मी, यंत्राला मुद्दाम इजा करणार नाही.) त्यातला काडेपेटीएवढा रिले (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा भाग) जळाला होता. नवा मागवला, तो तीन दिवसांत आला आणि मी तो पाकिटासकट शर्टाच्या खिशात ठेवला. लिफ्टच बंद म्हटल्यावर सौ. तरी काय बोलणार? सगळ्यांना सांगितलं, माल अजून यायचाय.

नवव्या दिवशी तू आलीस.

सहा मजले, एकशेआठ पायऱ्या. मी तुझी बॅग वर नेली, येताना स्टूल आणलं, प्रत्येक वळणावर तुला बसवलं, चौथ्या मजल्यावरून धावत जाऊन पाणी आणलं. तू घाम पुसत म्हणालीस, "माझ्यासाठी किती रे खेपा घालतोस! जरा टेक ना." आक्का, मी मनात आकडा धरत होतो. दोनशे बावन्न पायऱ्या झाल्या (उतरण मी मोजत नाही). रिले तेव्हा खिशातच होता. नंतर चार दिवस तू खाली उतरली नाहीस, आणि निघालीस तेव्हा कठड्याला धरून आडवी आडवी उतरलीस. शेजारच्या मास्तरीणबाईंना तू माझं उदाहरण देत होतीस, तेही मी ऐकलं.

तू गेल्यावर सौ.ने शर्ट धुवायला घेतला. खिशातल्या रिलेच्या पाकिटावर तो आल्याची तारीख होती. तिने आरडाओरडा केला नाही, फक्त म्हणाली, "आक्कांना तुम्ही सांगताय, की मी सांगू?" लिफ्ट अकरा मिनिटांत सुरू झाली.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. लिफ्टच्या मशीनखोलीची किल्ली सोबत पाठवतोय. तुझ्याकडे ठेव, म्हणजे रिले पुन्हा माझ्या खिशात यायचा नाही. मी फोनवर कितीही गळ घातली तरी देऊ नकोस.

ता. क. २. टाच मोडली तर धंदा बसेल असं डॉक्टर म्हणतात. मला ते पटतं, आणि संध्याकाळ झाली की पटत नाही.

ता. क. ३. किल्ल्या दोन आहेत. दुसरी माझ्याकडे आहे. पाकीट चिकटवल्यावर आठवलं असं लिहिणार होतो, पण आता तुझ्याशी आणखी एक खोटं नको. ती माझ्याच्याने पाठवली जात नाही. तू ये आणि माझ्या हातातून काढून घे. लिफ्ट चालू आहे.