मोत्याचं दावं

२७ जाने., मंगळ.
नानांनी जाहीर केलं, रविवारी जत्रेच्या बाजारात मोत्याला विकायचं. आजोबा म्हणून नाना गोड आहेत, पण शेळ्यांच्या बाबतीत निकाल लागला की अपील नाही. बोकड ठेवत नाहीत, हे मला माहीत होतं. त्याच्या आईनं, चांद्रीनं, त्याला पाजलं नाही म्हणून मी बाटलीवर वाढवला, तेव्हापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रविवार येणं वेगळं.

चांद्री पुन्हा गाभण आहे. पिल्लू शेळी निघालं तर माझं, कधीच विकायचं नाही. नानांनी शब्द दिलाय. त्यावरच जगते आहे.

३१ जाने., शनि.
मोत्याची आंघोळ. शिंगांना तेल. शेजारच्या टॉवरमधल्या एक काकू भिंतीवरून, "किती क्यूट! शाम्पू कोणता?" म्हटलं, तुमचाच, तुम्ही टाकलेल्या बाटलीत थोडा उरला होता. वाघोलीत आता आम्हीच प्रेक्षणीय स्थळ.

त्याचं दावंही धुतलं. आईच्या जांभळ्या साडीच्या पट्ट्या वळून मीच केलंय.
नाना : "धू, पर घरी आणायचं हाय त्ये. जनावर द्यावं, दावं देऊ नये. दाव्यासंगं गोठ्याची बरकत जाती." घेणारा आपला दोर आणतो, अशी पद्धत. हो हो, पाठ आहे.

१ फेब्रु., रवि.
विकला.

नानांचा गुडघा धरला म्हणून ते समोर चहावाल्याकडे आतल्या बाकावर बसले, मी एकटी. एक माणूस आला. भर उन्हात स्वेटर. बाकीचे दात बघतात, कमरेवर हात दाबतात, नाक मुरडतात. यानं काही केलं नाही. नानांनी ठरवलेली किंमत मी सांगितली, त्यानं तेवढेच पैसे दिले.
"दोर नाही आणला का काका?"
"आहे की." आणि मोत्याच्या गळ्याकडे बघितलं.

मी गाठ सोडायला गेले, तर मोत्यानं कपाळ माझ्या पोटाला लावलं. वाटलं, परक्याच्या दारी घरचं एवढं तरी असू दे. दाव्याचं टोक त्या माणसाच्या हातात दिलं.
मोत्या ओरडला नाही. बाटलीला उशीर झाला तर वस्ती उठवायचा हा. वळूनही बघितलं नाही.

नानांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत. टेम्पोत एवढंच म्हणाले, "त्याच्या हातात दोर नव्हता, आन् तू इकलंस?"
रागावले असते तर बरं झालं असतं.

२ फेब्रु., सोम.
चांद्री खात नाही. मोत्याच्या खुंट्याकडे तोंड करून उभी. बाकीच्या शेळ्या गव्हाणीवर दाटीवाटीनं, पण मोत्याची जागा रिकामी सोडून. मी चांद्रीला ढकललं त्या जागेवर, तर अंग चोरून बाजूला झाली.

४ फेब्रु., बुध.
बांधलेलं जनावर खुंट्याभोवती फिरून गोल पाडतं. मोत्याचा गोल मी सोमवारीच झाडून काढला होता. काल शाळेतून आले तर पुन्हा होता. खुरांचा, ताजा. पुन्हा झाडला. आज पुन्हा आहे. आई म्हणते कोंबड्यांनी उकरलं असेल. आमच्याकडे कोंबड्या नाहीत.

नाना त्या चहावाल्याकडे जाऊन आले. तो म्हणतो, पोरगी बोकड धरून एकटीच उभी होती, मग बघितलं तर नुसतीच उभी. कुणी आलेलं त्यानं पाहिलं नाही.
मग पैसे कुणी दिले? आईच्या डब्यात आहेत, नोटा खऱ्या आहेत.

७ फेब्रु., शनि.
जनावरांचे डॉक्टर आले. ताप नाही, पोटातलं हलतंय. पण खाल्लं नाही तर दोघंही जातील म्हणाले. हे माझ्यामुळे. चांद्रीच्या बरगड्या दिसायला लागल्यात, मला बघवत नाही.

ते गेल्यावर मी खुंट्यापाशी बसून म्हटलं, मोत्या, घरी ये. नाना मागेच होते.
"हाक मारलीस?"
"हो."
त्यांनी मला खुंट्यापासून उठवलं. मग, "येईल त्यो मोत्याच आसंल, आसं धरू नको."

१० फेब्रु., मंगळ.
शाळेतून आले. दावं खुंट्याला आहे.

जांभळं. माझीच गाठ. गळ्याचा फास तसाच बंद, त्याच्या मापाचा. सोडलेला नाही, कापलेला नाही. आई दिवसभर दारातच गहू निवडत होती, कुणी आलं नाही म्हणते.
चांद्री दाव्याशेजारी बसून पाला खाते आहे. मला आनंद झाला. खरंच झाला, आणि मग तो बंद फास पुन्हा दिसला.
नानांनी दाव्याला हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही.

१२ फेब्रु., गुरू.
चांद्री व्याली. शेळीच आहे. माझी. उभी राहिली आणि आईकडे न जाता थेट त्या गोलात जाऊन थांबली. चांद्रीनं तिथे जाऊन चाटलं.

१८ फेब्रु., बुध.
चांद्री पाजते, ही पितेही, पण पोट भरलं तरी गोठ्यातल्या फळीखाली उभी राहून वर बघते. फळीवर मोत्याची बाटली आहे. तिला ती कुणीच दाखवलेली नाही.

फार गोड आहे. मला ती हवी आहे, हे आधी लिहून ठेवते.

पिल्लू दूध पिऊन टाकतं म्हणून आता वेगळं बांधायला हवं. नाना आत्ता नवा दोर घेऊन आलेत. जुनं दावं खुंट्यालाच आहे.
"तुझी हाय ती. तू सांग, कुठलं बांधू? जुनं बांधलं, की दाव्यासंगं जे आलंय त्ये बी घरात घेतलं."
तिनं माझ्या पोटाला कपाळ लावलंय. मी अजून सांगितलेलं नाही.