आईची कारल्याची भुकटी

सोमवार, चौदा तारीख, दुपार

ताई,

पाया पडतो. हे पत्र फाडायचं असेल तर पूर्ण वाचून फाड.

मी बरा आहे. इथे दवाखान्याच्या फाटकासमोर रसाच्या गाडीवर काम मिळालंय. दोन महिने टिकलोय, हस खुशाल.

आमच्याकडे खप कारल्याच्या रसाचा. मालक कारली चिरून मीठ लावतात, अर्धा तास ठेवतात, घट्ट पिळतात, मग मिक्सरला. त्यांना सगळं तोंडपाठ. भूक मेली तर कारलं, पोटात जंत झाले तर कारलं, तळपायाची आग झाली तर पाला वाटून चोळायचा. मीही पाठ केलं. गिऱ्हाइकं मला वैद्यबुवा म्हणायला लागली. शाळेत मला 'बाकावरून उतर' सोडून कुणी काही म्हटलं नव्हतं, तुला माहीतच आहे.

एक गोष्ट मात्र मला पटायची नाही. साखरेचा आजार असलेला माणूस आला की मालक आधी विचारणार, "गोळ्या चालू आहेत का?" हो म्हटलं की रस नाही. "डॉक्टरांना विचारून या." असा कुठे धंदा होतो?

शनिवारी मालक नव्हते. समोरचे शिंपीकाका आले, त्यांनाही साखरेचा आजार. माझ्या पांढऱ्या शर्टाची बाही त्यांनीच शिवून दिली होती, निळ्या दोऱ्याने. असो. गोळ्यांचं मी विचारलं नाही. मोठा ग्लास दिला, तोही न पिळलेल्या कारल्याचा. म्हटलं, कडूपणातच औषध असतं.

थोड्या वेळाने बघतो तर ते दुकानात कात्री धरून थरथरत होते. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. मला म्हणाले, "तुम्ही कोण?" आणि खाली कोसळले.

ते वाचले, ताई. नर्सबाई म्हणाल्या, "गोळी घेतलेली, पोटात अन्न नाही, वर तुझं कारलं. साखर पार तळाला गेली. घरी एकटे असते तर?"

एकटे असते तर.

आता लिहितोच. मागच्या महिन्यात मी आईला कारल्याची भुकटी पाठवली. तू कामावर असताना पोचेल असं बघून. सोबत लिहिलं होतं, रोज उपाशीपोटी दोन चमचे, ताईला सांगू नकोस, ती फेकून देईल. गोळीचा मी विचारच केला नाही. साखरेची सकाळची गोळी तर तूच तिच्या हातावर ठेवतेस आणि सातला बाहेर पडतेस.

आईचं उत्तर आलं होतं. 'घेते आहे बाळा. सकाळी जरा हात कापतात, वय झालं आता.' वाचून मी खुशीत खिशात ठेवलं. शनिवारी पुन्हा काढून वाचलं.

तुला फोन लावला, तू माझा नंबर अडवलायस. मालकांच्या फोनवरून लावला, तर आवाज ओळखून ठेवून दिलास. तुझंही बरोबर आहे. आईकडे तर फोनच नाही. म्हणून हे ट्रकवाल्याकडे देतोय. उद्या सकाळी सहापर्यंत पोचतो म्हणालाय. तू निघायच्या आत.

भुकटी बहुतेक पिठाच्या डब्यामागे असेल. काढून घे. हे वाचशील त्या दिवशी कामावर जाऊ नकोस, तिला एकटं सोडू नकोस. घाम, थरथर दिसली तर लगेच साखरपाणी पाज आणि दवाखान्यात ने. ती म्हणेल, लेकाने पाठवलंय. तिला सांग, लेकानेच बंद करायला सांगितलंय.

मग मालकांच्या नंबरावर फोन कर. हव्या तेवढ्या शिव्या दे, मी ठेवणार नाही. फक्त मागून तिचा आवाज ऐकू येऊ दे.

तुझा भाऊ,
ज्याला आई पत्रात 'माझा वैद्य' म्हणते, तो