बाबांनी निवडलेला कांगा

पांगानी, सोमवार

प्रिय मिझा,

बसवाल्या हामिसीच्या हाती गाठोडं पाठवतेय. आधी हे पत्र वाच, मगच गाठ सोड. उतावळी आहेस, ठाऊक आहे मला, पण आईचं एवढं ऐक. तुला सातवा लागला आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं सोडून तू तिकडे दार-एस-सलामच्या इस्पितळात नाव नोंदवून बसलीस. तुझं तरी काय चुकलं म्हणा! तू मनासारखं लग्न केलंस, तेव्हापासून बाबांनी तुझं नावसुद्धा घेतलं नाही. त्यांनी बोलावल्याशिवाय तू यायची नाहीस, आणि ते काही बोलवायचे नाहीत. मधल्या मधे माझं मरण.

तरी माझी तयारी चालूच आहे. जुने कांगे काढलेत. तुला पाठीशी बांधून मासळीबाजारात जायची तो, स्वयंपाकात कमरेला गुंडाळून नारळाच्या दुधाने डागलेला, पाण्याच्या हंड्याखाली चुंबळ करून करून विरलेला. धुऊन इतके मऊ झालेत, की बाळाला दुपटी म्हणून छान होतील.

आता गंमत ऐक. शेजारच्या बी शरीफाच्या लेकाचं लग्न झालं. बाबा म्हणाले, आहेर मी आणतो. त्यांना मदरशातली अरबी अक्षरं येतात, कांग्याच्या काठावर म्हण छापतात ती इंग्रजी अक्षरं कुठली यायला! नुसता रंग बघून कांगा घेतला आणि परस्पर देऊनही आले. केशरी, काजूची नक्षी, दृष्ट लागावी असा. आणि काठावर छापलेलं काय, तर 'तुझ्या तोंडाला कोण लागणार!' अगं, दुसऱ्या दिवशी शरीफाच्या अंगावर हिरवा कांगा, 'जळणाऱ्यांनो, खुशाल जळा!' तोंडाने चकार शब्द नाही, नुसती आमच्या दारावरून ये-जा, तीही पाठ दाखवत, मला नीट वाचता यावं म्हणून. सगळा उलगडा झाला तेव्हा हसून हसून माझं पोट दुखलं. जाऊन समजावलं, तर म्हणते कशी, "बाई गं, तुझा नवरा गप्प असतो तेच बरं!"

बाबा मात्र फार ओशाळले. बाजाराकडे फिरकेनात. आणि परवा दुपारची झोप सोडून तडक सालिमच्या कांग्यांच्या दुकानात. तिथे बैठक मारून त्याला म्हणाले, एकेक कांगा वाचून दाखव, मोठ्याने. बघता बघता बायका जमल्या. "काय म्हातारबा, दुसरी करताय की काय?" तर म्हणाले, "लेकीला घ्यायचाय." मिझा, लेक म्हणाले गं! बातमी त्यांच्या आधी घरी पोचली, शरीफाच धावत आली सांगायला. मी चुलीपाशी बसून रडले. मासे करपले, करपू देत.

अर्धं दुकान उपसल्यावर जो पसंत पडला, तो गाठोड्यात आहे. एकसंध आलेला दोन कांग्यांचा जोड त्यांनी स्वतः कापून सुटा केला, काठही स्वतः शिवले. वाकडे आहेत, हसू नकोस. जोडातला दुसरा त्यांनी इथेच ठेवलाय, बाळाला पहिल्यांदा त्यातच घ्यायचं म्हणतात. दोन्हींवर छापलंय, 'ये, हे घर तुझंच आहे.' आणि एवढं सगळं करून मला काय म्हणतात माहितेय? "पत्रात तू बोलावतेयस असं लिही. माझं नाव घालू नकोस." तर बाई, मी बोलावतेय. हामिसीची बस शुक्रवारी परत फिरेल, तीत बस. बाबा म्हणतात, त्या दिवशी त्यांना स्टँडवर जरा काम आहे.

तुझीच,
आई