थांब म्हणाली होतीस

प्रिय मौनीबाई,

हे नाव मीच रागाच्या भरात ठेवलं होतं. दुसऱ्या नावानं हाक मारायचा हक्क मी घालवून बसलोय, म्हणून तेच लिहितो.

मी आता मामाच्या दुकानात पंख्यांच्या मोटारींचं वाइंडिंग करतो. पक्कड हाताशी असली तरी वायर दातानंच सोलायची, ही माझी घाई. त्यात एका दाताचा कोपरा उडाला आणि जिभेच्या कडेला फोड आला. मला वाटलं, उष्णता. मामीनं तिखट बंद केलं, मी मनानंच व्हिटॅमिनच्या गोळ्या गिळल्या. बोलणंच नको व्हायचं. एका गिऱ्हाइकानं विचारलं, पोरगा मुका आहे का हो? मामा म्हणाला, छे, आमचं एवढं नशीब कुठलं.

शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दाताची धार घासली आणि आठवड्यात जखम भरली. त्या म्हणाल्या, कुणाला जागरणानं, काळजीनं तोंड येतं, कुणाला अंगात लोह किंवा जीवनसत्त्व कमी पडलं म्हणून, कुणाला असं घासून. बहुतेकदा आपोआप बरं होतं. पण तीन आठवड्यांत भरलं नाही तर दाखवायलाच हवं, दुखो वा न दुखो.

त्या बोलत होत्या आणि मला कॉलेजच्या जिन्यात उभी असलेली तू दिसत होतीस, ओठांवर रुमाल धरलेली. मी लग्नाचं विचारलं, तू नुसता हात वर केलास. मी तो नकार समजलो आणि परीक्षा न देताच निघून गेलो. दर परीक्षेला तुझं तोंड येतं हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. बोलता येत नव्हतं म्हणून तू हातानं थांब म्हणत होतीस, एवढंच. पुढे काय म्हणणार होतीस, ते विचारायची वेळ गेली.

परवा तुझी आतेबहीण टेबलफॅन दुरुस्तीला घेऊन आली. तुझ्या गालाच्या आत एकाच जागी जखम आहे म्हणे, दोन महिने होत आले. दुखत नाही म्हणतेस आणि भीतीपोटी कुणाला दाखवतही नाहीस. म्हणून हे पत्र. कदाचित नुसता दात लागत असेल. पण तपासल्यावाचून निकाल लावून टाकला की काय होतं, ते माझ्याकडे बघ. मला उत्तर नको. उद्या डॉक्टरांकडे जा. एकटीला धीर होत नसेल तर आतेबहिणीकडे निरोप दे, मी बाहेरच्या बाकावर बसून राहीन. गप्प.

तुझाच,
आता पक्कड वापरणारा तापट