वाळवंटात बाबांवर पाळत

तीर्थस्वरूप आत्या,

तुला मनापासून नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे मी, बाबा आणि वकील (आपला कुत्रा, प्रत्येक गोष्टीला हरकत घेतो म्हणून हे नाव तूच ठेवलंस) खुशाल आहोत, निदान शरीराने. त्या लांबच्या गावातल्या विहिरींचं पाणी तपासायच्या नोकरीला मी नकार देणार आहे, हे मी फक्त तुला सांगितलं होतं. तुला आठवत असेलच. त्याकडे नंतर येते.

बाबांनी जन्मात सुट्टी घेतलेली नाही. गाड्यांच्या सीटा शिवण्यात आयुष्य गेलं, पण स्वतः गाडीत बसून कुठे म्हणून गेले नाहीत. त्यांनी अचानक दुकानाचं शटर ओढलं, व्हॅनमधले रेक्झिनचे गठ्ठे उतरवून तिथे गादी टाकली आणि वाळवंटात राहून येऊ म्हणाले. व्हॅनमध्ये आधी वकिलाला बसवलं, मग मला. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. वकिलाने नुकतीच एका गिऱ्हाइकाची कोरी सीट फाडली होती आणि "याचं काहीतरी केलं पाहिजे" हे बाबांचे शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

घरात पदवी घेतलेली मी पहिली, तेव्हा पुराव्याशिवाय आरोप करायचा नाही असं ठरवलं. पण पुरावेच चालत आले. पहिल्या मुक्कामावर बाबांनी वकिलासाठी शिवून आणलेले चार बूट काढले. तापलेल्या वाळूने पंजे भाजू नयेत म्हणे. आतून फोम, वरून दुहेरी शिलाई. (ते घालून वकील असा चालला, जणू नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून जातोय आणि घरमालकीण बघतेय.) दुसऱ्या कुणाला यात माया दिसली असती. मला प्रश्न पडला, कुत्र्याला लांब नेऊन सोडायचंच नसेल, तर माणूस इतके टिकाऊ बूट कशाला शिवेल?

त्यानंतर रोज संध्याकाळी तेच. बाबा मला चहा ठेवायला सांगायचे, वकिलाचा पट्टा काढायचे आणि त्याला वाळूच्या टेकडीपलीकडे घेऊन जायचे. परत येताना वकील जिभल्या चाटत असायचा. म्हणजे आधी बिस्किटांनी विश्वास संपादन करायचा आणि मग घात. मी चहाबरोबर मुक्या प्राण्यांविषयीच्या आपल्या कर्तव्यावर बोलले, चांगलं सविस्तर. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाक रुतलंय, जरा ढकलतेस?" मी ढकललं. (चाक त्यांनी मुद्दाम रुतवलं असावं.)

शेवटी मी स्टोव्ह तसाच सोडला आणि पोटावर सरपटत टेकडी चढले. पलीकडे बाबा माझी टोपी घालून, माझी बॅग खांद्याला लावून, हुबेहूब माझ्यासारखे तरातरा चालत निघाले होते. "बाई निघाली कामाला. रडायचं नाही," असं मागे न बघता सांगत होते. वकील कुंई करायचा, की हे परत यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. गप्प बसला की बिस्कीट.

मी उभी राहिले. बाबांनी टोपी काढली.

"हा रडेल आणि मी जेवणार नाही, म्हणून तू नोकरी सोडणार म्हणे. याचं मी बघतोय. माझ्या जेवणाचंही मी बघेन. तू जा."

चहा करपला होता, तो आम्ही प्यायलो.

आता तू सांग, आत्या, त्यांना हे कळलं कुठून? वकिलाला तर मी सांगितलं नव्हतं.

तुझी,
संशयी भाची

ता. क. मी नोकरीला होकार कळवला आहे. तुलाही माफ केलं आहे.

आणखी एक. काल मी तालीम म्हणून खरोखरच बॅग घेऊन निघाले. वकील व्हॅनच्या सावलीत शहाण्यासारखा बसून राहिला. मागे वळून पाहिलं, तर बाबा माझ्या पाठोपाठ येत होते. पाण्याची बाटली विसरलीस म्हणाले. बाटली माझ्या हातात होती. तेव्हा मी गेल्यावर तू महिनाभर घरी येऊन राहा. तुझ्या घराचं रंगकाम काढलंय असं सांग. मी बोलावलंय हे मात्र त्यांना कळता कामा नये. एवढं तरी पोटात ठेव.