फ्रीजरमधले डिंकाचे लाडू

मिल्टन कीन्स, ४ नोव्हेंबर २००६
सायली सहा-सात वर्षांची असताना दुपारी आम्ही दोघी मटार सोलायला बसायचो. पातेल्यात कमी, तिच्या तोंडात जास्त. आज सोफ्यावर तशीच मांडी घालून बसली होती, हात रिकामे. परवा मुलगा झाला. पुऱ्या दिवसांचा. श्वास नव्हता.
ती घरी यायच्या आत मी डिंकाचे लाडू फ्रीजरच्या तळाशी घातले. अळीव, बाळंतशेपा, तेल, सगळं गराजमध्ये. जावयाने, अमेयने, पाळणा सुटा केला. तिच्या नजरेला पडू नये म्हणून.

६ नोव्हें.
दूध आलं. येणार हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठे.
मिडवाइफ म्हणाली, छातीवर कोबीची गार पानं ठेवा, ठणका कमी होतो. अमेय दोन गड्डे घेऊन आला. "आई, भाजी करू नका हं याची." मग त्याचा तोच पानं सुटी करायला बसला.
माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं ना स्वर्गात जातात ना नरकात. ती मधली जागा मला थंड वाटायची.

८ नोव्हें.
सा. फ्रीजर उघडून उभी. हातात डबा.
"हे कुणासाठी केलेस?"
"तुझ्यासाठी."
"मग लपवलेस का?"
"तुला त्रास होईल म्हणून..."
"टाके पडलेत, दूध येतंय. मी बाळंतीण नाही का, आई? का बाळ घरी आलं तरच?"
तिने दगडासारखा लाडू उभ्यानेच दातांनी तोडून खाल्ला.

९ नोव्हें.
तेल लावलं. पोटाला माझी जुनी सुती साडी बांधली. ओवा-शेपाची धुरी दिली तर स्मोक अलार्म. अमेय खुर्चीवर चढून टॉवेल हलवतोय. सा. म्हणाली, "आता फायर ब्रिगेडही येईल बाळंतिणीला बघायला." हसली. टाके दुखले. मग रडली, घरी आल्यापासून पहिल्यांदा.
"तू पाहिलंस ना त्याला? कुणासारखा होता?"
"हनुवटी तुझी."
पाठ चोळत राहिले.

१२ नोव्हें.
मंगळवारी दफन. नागपूरहून विहीणबाईंचा फोन, स्पीकरवर. "बाळंतिणीने तिथे जायचं नसतं. अमेय जाईल."
सा. फोनकडे बघत शांतपणे म्हणाली, "आत्ता झाले का मी बाळंतीण, आई?"
अमेय फोन घेऊन बागेत गेला. काय बोलला, विचारलं नाही. खरं तर मलाही वाटतं, तिने जाऊ नये. ओली बाळंतीण, त्यात ही थंडी. आणि तो एवढासा खड्डा...
तिला म्हणाले नाही.

१३ नोव्हें., सोमवार
उद्याचं.
कुंची आणि दुपटं बाळाला. अमेय सकाळी नेऊन देईल.
चांदीच्या वाळ्यांपैकी एक त्याच्याबरोबर, एक सा.कडे. तिनेच सांगितलं.
विणलेले तीन स्वेटर मिडवाइफला. वॉर्डात लहानगी असतात.
लाडू फक्त सा.चे. भेटायला येणाऱ्यांपुढे ठेवायचे नाहीत.
पाळण्याचं तिलाच विचारायचं. आत्ता नाही.
माझा लोकरीचा कोट आणि कानटोपी सा.ला, निघालीच तर. दाराशी ठेवलाय.